छातीचा खिसा

“हे यंत्र छातीच्या खिशात ठेव, क्लेम. पडलास तर बटण दाब, मदत तुला शोधत येईल,” निघताना बायको म्हणाली. “यंत्र मोटरसायकलच्या पेटीत राहील. खिशात तुझी खोबऱ्याची बिस्किटंच हवीत,” मी ठणकावलं. “बरं बाबा, हट्टी म्हाताऱ्या!” म्हणत तिनंच सगळं भरून दिलं. तिसऱ्या सकाळी ऑस्ट्रेलियातल्या सिम्पसन वाळवंटाच्या लाल वाळूत मोटरसायकल घसरली आणि माझ्या पायावर आडवी झाली. पेटी तिच्याखाली गाडली गेली. हात पुरेना, हाकेला ओ द्यायला वाराही नव्हता. मरायचंच तर इतके दिवस राखून ठेवलेलं बायकोचं बिस्किट खाऊन मरू, म्हणून खिशात हात घातला, तर हाती यंत्र आलं! हसत, रडत बटण दाबलं. दुपारी हेलिकॉप्टर उतरलं. पाय सोडवणारी पोरगी हसून म्हणाली, “आजोबा, घरी कळवलं. आजी म्हणाल्या, ‘बिस्किटं पेटीत आहेत, म्हाताऱ्या. आधी त्या पोरांना दे.’”