मधलं दुकान

"दात पडला असता माझा!" मास्तरीणबाईंनी मटणात सापडलेली हाडाची कपची रुमालातून काढून फळीवर ठेवली. मागची रांग हसली. धाकटाही हसला, पण त्याची कानशिलं तापली होती.

बोकडं वाढवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. कापणं मात्र त्याचं काम नव्हे. वीस वर्षं ते थोरल्या भावानं केलं, बाजारातल्या आपल्या दुकानात. वहिनी पुढे गल्ल्यावर, थोरला मागच्या खोलीत ओंडक्यापाशी. गिऱ्हाइकांनी त्याचं तोंडही पाहिलं नसेल. मग धाकट्याला वाटलं, बोकडं माझी, मधे दुकान हवंच कशाला? त्यानं शेताच्या फाटकाशीच शेड टाकली. लोकांनी एवढ्या लांब यावं म्हणून सांगत सुटला, "बाजारात शिळं मिसळतात. डोळ्यांनी पाहिलंय." नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, बाजारात मटणाचं दुकान एकच होतं. आणि तिथं शिळं कधी मिसळलं गेलं नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

गेल्या महिन्यात ते दुकान बंद पडलं. थोरला दोन वर्षं त्याच्याशी बोलला नव्हता. समोर आला तर भिंतीकडे बघावं तसा बघायचा. धाकट्याची एकच आस होती. दादानं एकदा यावं, शिव्या घालाव्यात, हवं तर कानाखाली वाजवावी, पण बोलावं.

आणि आज दादा खरंच फाटकातून आत आला. त्यानं बाह्या सरसावल्या, सुरी उचलली, धार अंगठ्यावर बघून नाक मुरडलं, सुरी दोनदा सळईवर घासली आणि कामाला लागला. सांधा बोटानं चाचपायचा आणि एका घावात मोकळा करायचा. तुकडे एकसारखे, कपची औषधालाही नाही. रांग झरझर सरकू लागली. धाकट्याला भरून आलं. शेवटी पाठचा भाऊ आहे मी त्याचा, असं त्याला वाटलं.

"कोण हो हे?" मास्तरीणबाईंनी विचारलं. "काय हात आहे! कुठून आणलंत?"

सगळी रांग बघू लागली. भाऊ म्हटलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. हे काय करतात? कुठलं दुकान?

"कामाला ठेवलाय," तो म्हणाला. "नवा माणूस आहे."

सुरी क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू झाली.

शेवटचं गिऱ्हाईक गेलं. थोरल्यानं ओंडका खरवडला, फळी धुतली, सुरी पुसून जागेवर ठेवली. धाकटा खाली मान घालून जवळ गेला. "दादा, लोकांसमोर तोंडातून निघून गेलं रे. मनावर घेऊ नकोस. एकदा तरी बोल माझ्याशी."

थोरल्यानं बाह्या खाली केल्या, एकेक बटण लावलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे बघून बोलला.

"उद्या किती वाजता येऊ, मालक?"