झाकणाचे स्क्रू

वसईत शवपेट्या बनवणाऱ्या इनासने आजची पेटी स्वतःच्या बायकोसाठी बनवली होती. प्रार्थना संपली तसा तो झाकण बसवायला उठला.

"भावोजी, स्क्रू पिळायला इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, पटकन उरकेल," मेहुणा म्हणाला.

"नको, साधं ड्रिल दे. ते इम्पॅक्ट फार ठोके मारतं. दचकेल ती."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. एकेक स्क्रू त्याने सावकाश बसवला, इतरांच्या पेट्यांना बसवायचा तसा.

शेवटचा स्क्रू घट्ट बसला तरी ड्रिल घरघरतच राहिलं. बटणावरचं बोट निघेना. मेहुण्याने त्याचा हात धरला आणि ते बोट अलगद सोडवलं.

"झालं, भावोजी."

"झालं?" इनासने विचारलं.