दोन बटणं

"करा सही, मावशी. उगाच ताणू नका," छापखान्याच्या मालकाने कागद पुढे सरकवला.

मावशींचा उजवा हात धड होता. डाव्याची दोन बोटं पेरापासून गेली होती. नऊ दिवस झाले. कागद कापायच्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच पातं खाली येतं. काम झटपट उरकावं म्हणून डावं बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं होतं; मोकळा डावा हात पात्याखाली राहिला.

कागदावर टाइप केलं होतं : पट्टी कामगाराने स्वतः लावली, मालकाला माहीत नव्हतं. सही केली की भरपाईवर पाणी. नाही केली की नोकरीवर.

"लावायला तुम्ही सांगितलंत."

"मी?" मालक बाइंडिंगच्या बायकांकडे वळला. "काय गं, कुणाला माहीत होतं का?"

माना खाली. हात कागदाच्या घड्या घालत राहिले.

कोपऱ्यात भन्ते आपल्या नव्या पुस्तकाची पहिली प्रत चाळत बसले होते. त्याच पुस्तकाच्या घाईत बोटं गेली होती.

"भन्ते, गठ्ठे लावता लावता वाचलं तुमचं पुस्तक," मावशी म्हणाल्या. आवाजात जीव नव्हता. "निर्वाणात जाणणं असतं, जाणणारा कुणी नसतो म्हणे. एवढ्या लांब कशाला जायचं? इथेच बघा. पट्टीचं सगळ्यांना माहीत, आणि माहीत असलेला एकही माणूस नाही."

"त्यांना कशाला ओढता यात?" मालक हसला.

"बोटं नाहीत, तरी नखाखाली ठणकतं. कुणाला ठणकतं, ते पुस्तकात नाही. दुखायला कुणी नाही, चुकायला मात्र मी!"

भन्तेंनी पुस्तक मिटलं. मशीनकडे बघत राहिले. डाव्या बटणावर पट्टीचा चिकट डाग तसाच होता, त्यावर धूळ बसली होती.

"त्या दिवशी मी इथेच होतो," ते मालकाला म्हणाले. "पट्टी कशाला, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, पुस्तक वेळेवर हवंय ना? मी गप्प बसलो."

"भन्ते, तुम्हाला मशीनमधलं काय कळतं?"

भन्तेंनी कागद ओढून उलटा केला. कोऱ्या बाजूवर 'मला माहीत होतं' असं लिहायला घेतलं. 'मला' एवढंच झालं. तिथेच पेन थांबलं. त्या एका शब्दाकडे ते बघत बसले.

"लिहा पुढे," मावशी म्हणाल्या. "ठणकतंय."