तांदळातलं नाव

नाव बदलण्याचा अर्ज बापाने मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत धरला. मुलगा म्हणून वाढवलेल्या लेकीने त्यावर स्वतः निवडलेलं नाव लिहिलं होतं, केतकी.

"आईबापांनी ठेवलेलं नाव कुणी असं टाकतं का? शी!" तो खिडकीबाहेर पचकन थुंकला.

आईला शिसारी आली, पण ती नवऱ्याची. तीस वर्षांपूर्वी भरल्या मांडवात याच माणसाने ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं होतं, शर्मिला. तिला कुणी विचारलंही नव्हतं. आईबापांनी ठेवलेलं 'यमुना' त्या दिवसापासून कुणाच्या तोंडी आलं नाही.

तिने अर्ज त्याच्या हातातून हिसकावला, पदराने पुसला आणि लेकीपुढे ठेवला.

"केतकी, आणखी एक कोरा अर्ज आण गं. मलाही माझं नाव परत हवंय."