सत्तेचाळीस नावं

“आजच्यापुरती यादी वाचतो. उद्यापासून बंद,” मेल्विनने जाहीर केलं आणि गुडघे चोळत घरातल्या अल्तारासमोर, येशूच्या तसबिरीपुढे बसला. बायको, विनिता, मेणबत्ती पेटवत होती. मुलगी शेरिल मात्र “थँक गॉड!” म्हणाली आणि लगेच जीभ चावली, कारण आजीला जाऊन जेमतेम सात दिवस झाले होते.

यादी म्हणजे मेल्विनच्या आईची, रेजिनाबाईंची यादी. ठाण्यात खोपटच्या त्या घरात रोज संध्याकाळी सातला जपमाळ व्हायची, ती कधी चुकली नाही. ताप असो, पाहुणे असोत, टीव्हीवर वर्ल्ड कपची फायनल असो. जपमाळ संपली की इतर घरांत लोक उठतात, जेवायला बसतात. इथे कसलं उठणं! रेजिनाबाई डोळे मिटून नावं घ्यायला लागायच्या. गोविंदा. गोदा. मयूर. राजरत्न. अशी सत्तेचाळीस. प्रत्येक नावामागे सगळ्यांनी म्हणायचं, “ह्याला विसावा दे, प्रभू.” मेल्विन लहानपणी एकदा मधल्याच कुठल्या नावाला डुलकी लागून मेणबत्तीवर आपटलेला. भुवई भाजली, यादी चालूच राहिली.

कोण ही माणसं? विचारलं तर रेजिनाबाई म्हणायच्या, “आपलीच आहेत.” बस, विषय संपला. उरलेलं काम मेल्विनच्या बाबांनी केलं. ते पक्के ठाण्याचे, जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती घरातले. त्यांनी छाती फुगवून सांगून टाकलं, की ही आपली बाप्तिस्म्याआधीची माणसं, पोर्तुगीज यायच्याही आधीची, मिठागरात राबलेली. दर वर्षी यादीत एखादं नाव वाढायचं, तेव्हा म्हणायचे, “तुमच्या आईला आणखी एक आठवला बघा!” मुलांना पटलं. पाचशे वर्षांपूर्वी मिठागरात मयूर असं आजकालचं नाव कुठून आलं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बाकी रेजिनाबाईंच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय होतं? मातीच्या दिवशी फादरनी मेल्विनला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर त्याचं दीड मिनिटात संपलं. पहाटेची चर्चमधली मिस्सा, नौपाड्यातल्या एका प्रसूतिगृहात तेहतीस वर्षं आयाची नोकरी, तीन मुलं, पाच नातवंडं आणि पुन्हा मिस्सा. कामावरची एक गोष्ट तिने घरी कधी काढली नाही. चर्चच्या व्यासपीठावरून खाली उतरताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. आईबद्दल एवढंच ठाऊक आपल्याला?

शेवटच्या आजारात तिने सगळी नावं त्याच्या मोबाइलवर टाइप करून घेतली होती आणि हात धरून म्हणालेली, “नावं सोडू नको रे.” त्याने हो म्हटलं. मरणाऱ्या आईला नाही कोण म्हणणार? पण तो शब्द आता गळ्याशी आलेला. कुठल्या जमान्यात मेलेल्या माणसांसाठी दहावीच्या पोरीला रोज गुडघ्यांवर बसवायचं? आज सातवा दिवस. आज शेवटची, असं त्याने मनाशी ठरवलं आणि वाचायला घेतलं.

“कृतिका.”

“हिला विसावा दे, प्रभू.”

दारात काहीतरी पडलं. साठी उलटलेली एक बाई उंबऱ्याबाहेर उभी होती. प्रार्थना चाललीय म्हणून चपला काढून बाहेरच थांबलेली. हातातली फुलांची पुडी तिच्या पायाशी पडली होती.

“मी शुभदा. डोंबिवलीहून आलेय,” त्या म्हणाल्या. “पेपरात तुमच्या आईंचा फोटो पाहिला, म्हणून. आत्ता... आत्ता कुठलं नाव घेतलंत?”

“कृतिका. आमच्या पूर्वजांपैकी कुणीतरी—”

“नाही हो.” शुभदाबाईंनी चौकट धरली. “माझी मुलगी. नव्वद साली मी नौपाड्यात बाळंत झालेले. तास-दीड तास जगली. मला कुणी दाखवायला तयार नव्हतं. घरचे म्हणाले, बारसं झालं नाही ते बरं, लवकर विसरशील. तुमच्या आईने तिला दुपट्यात गुंडाळून माझ्या कुशीत आणून दिलं. विचारलं, ‘काय नाव ठेवणार होतीस गं?’ मी सांगितलं. त्यानंतर ते नाव मी नवऱ्यापाशीसुद्धा काढलेलं नाही.”

मेल्विनने मोबाइलकडे पाहिलं. गोविंदा. गोदा. मयूर. राजरत्न. प्रसूतिगृहातली तेहतीस वर्षं, दर वर्षी वाढणारं एखादं नाव. पूर्वज कसले! सत्तेचाळीस तान्ही बाळं होती ती. ज्यांना जगात कुणी हाक मारली नव्हती, त्यांना त्याच्या आईने रोज संध्याकाळी हाक मारली होती, आणि साऱ्या घराला आपल्यासोबत गुडघ्यांवर बसवलं होतं. “आई गं,” तो मोठ्याने म्हणाला. शेरिल आजीच्या फोटोकडे बघत राहिली, जणू ही बाई तिने आजच पाहिली.

“काकी,” मेल्विन म्हणाला. “मी शाळेत होतो तेव्हापासून आम्ही रोज घेतो तिचं नाव. सगळं घर.”

शुभदाबाई आत आल्या आणि त्यांच्याशेजारी लादीवर बसल्या.

“पुन्हा घे ना रे,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ते आज पहिल्यांदा ऐकलं.”