स्टेपनी

नानांनी गाडीची डिकी उघडली, तळाचं झाकण उचलून आत पाहिलं आणि मान हलवली.

"स्टेपनी नाही."

"घेऊ हो नंतर," मुलगी म्हणाली.

"नंतर नाही. स्टेपनी नाही तर गाडी नाही. रस्त्यात चाक बसलं की काय करशील? बाईंना सांग तसं."

गाडीची मालकीण दुसरी किल्ली शोधायला घरात गेली होती. मुलीने ओळखीचा मिस्त्री सोबत आणला होता. तो बॉनेटखाली डोकं खुपसून उभा होता. गाडी दोन लाख किलोमीटरच्या पुढे पळालेली, रंग उडालेला, ड्रायव्हरची सीट बसकी. नानांना ती मुळीच पसंत नव्हती, हे चेहऱ्यावरून दिसत होतं.

नाना जन्मभर कारखान्यात फिटर होते. दहा वर्षं टिकणार नाही ती वस्तू घरात आणायची नाही, हा त्यांचा कायदा. मुलीच्या लहानपणी सगळ्या मैत्रिणींच्या छत्र्या रंगीत, फुलाफुलांच्या, आणि हिची काळी, जाड दांड्याची, मोठ्या माणसाची. तिने रडून घर डोक्यावर घेतलं होतं, पण नाना बधले नव्हते. ती छत्री अजून घरात होती.

आता ते गाडीभोवती फिरून बोटाच्या पेराने पत्रा ठोकून बघत होते. मध्येच दाराला टेकून उभे राहत. दम लागला होता, पण आव असा की बिजागरी तपासतायत. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. मुलीने नजर दुसरीकडे वळवली.

बसमधून आता त्यांना दवाखान्यात नेता येत नव्हतं. टॅक्सीत एकदा उलटी झाल्यापासून कोपऱ्यावरचे टॅक्सीवाले या बापलेकीला बघून काच वर करायचे. म्हणून गाडी. नानांना तिने सांगितलं होतं, की उपचार लांबणार आहेत पण बरं वाटेल. डॉक्टर मात्र तिला बाहेर बोलावून म्हणाले होते, "हे वर्ष निघालं तर नशीब समजा." ते वाक्य तिने घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. एकटीच गिळून बसली होती.

मिस्त्रीने डोकं बाहेर काढलं आणि फडक्याला हात पुसले.

"ताई, खरं सांगू का? इंजिन थकलंय. ऑइल पितंय. जपून चालवलीत तर वर्ष-दीड वर्ष खेचेल. पुढचं मी काही बोलत नाही."

"दीड वर्ष?" ती चटकन म्हणाली. "भरपूर झालं की!"

शब्द गेला आणि तिने जीभ चावली. मिस्त्री खूश झाला, बॉनेट लावायला वळला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

नाना डिकीपाशी होते. झाकण अजून त्यांच्या हातात होतं. ते मुलीकडे बघत राहिले. रागाने नाही. कारखान्यात एखाद्या यंत्राचा आवाज बदलला की ते असेच काम थांबवून कान देत असत. त्यांची मुलगी, त्यांच्या हाताखाली वाढलेली, आणि दीड वर्षाला भरपूर म्हणाली.

"म्हणजे... तोवर भागेल, असं," ती घाईघाईने म्हणाली. "मग आपण नवीनच घेऊ ना, नाना. कोरी करकरीत."

"हं," नाना म्हणाले. "नवीन घेशील."

'घेऊ' म्हणाले नाहीत.

मालकीण किल्ली नाचवत बाहेर आली. "सापडली बाई एकदाची! आणि स्टेपनीचं म्हणत होतात ना, आत ऐकू आलं. ती भावाकडे आहे. पुढच्या आठवड्यात येतोय तो, तेव्हा घेऊन जा. गाडी तेव्हाच नेलीत तरी हरकत नाही."

"राहू द्या, बाई," नाना म्हणाले. त्यांनी झाकण जागेवर बसवलं, नीट दाबलं आणि डिकी लावली. "गाडी आजच नेतो आम्ही."

"नाही!" मुलगी जवळजवळ ओरडली. मालकीण दचकली. "स्टेपनी हवीच. त्याशिवाय मी गाडी नेणार नाही. नाना, तुम्हीच म्हणालात ना आत्ता? आपण थांबू. पुढच्या आठवड्यात येऊ परत."

तिचा आवाज लहानपणी छत्रीसाठी निघायचा तसाच निघाला होता.

नाना गाडीला धरून धरून पुढे आले. बाजूच्या सीटवर बसले, पट्टा ओढून लावला आणि दार जरा जोरात ओढलं. ते पहिल्याच झटक्यात लागलं.

"चल, बस," ते म्हणाले. "नव्या गाडीबरोबर येतेच स्टेपनी."