वरची जागा

शवपेटीचं झाकण लावण्याआधी नणंदेने भावाच्या कमरेला त्याचा लाडका पट्टा बांधला. “दादा याच्याशिवाय कधी घराबाहेर पडला नाही, वहिनी,” म्हणत ती ढसाढसा रडली. वहिनीचे डोळे कोरडेच. त्या पट्ट्याच्या बकलाचे वळ तिच्या पाठीवर अजून काळेनिळे होते. पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “धीर धर, मुली. ताटातूट चार दिवसांची. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, मेलेले उठतील आणि तो तुला पुन्हा भेटेल.” तिचा हात पाठीवरच्या वळांकडे गेला. तेवढ्यात कबर खणणारा दारात आला. “बाई, दोघांची एकच कबर करू का? यांना खाली ठेवतो, पुढेमागे तुमची पेटी वर.” तिच्या जिवात जीव आला. “खोल खणा, भाऊ. कर्णा वाजला की मी आधी उठेन. हे वर येऊन पट्टा सोडेपर्यंत मी कुठच्या कुठे गेलेली असेन.”